मिरजेत तंबोरा दुरुस्त करून घेताना

आत्याचा तंबोरा दुरुस्त करून घेण्यासाठी २०२४ च्या दिवाळीनंतर मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात चार खेपा घातल्या, आणि त्या चार खेपांत जे हाती लागले व जे हातचे गेले ते दोन्ही येथे लिहून ठेवत आहे. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. एक तर माझी तक्रार आहे आणि ती त्या एकट्या दुकानापुरती आहे असे मला वाटत नाही. दुसरे म्हणजे त्या भागात एकाच आडनावाच्या इतक्या पाट्या आहेत की नाव देऊनही वाचकाला फारसा उपयोग झाला नसता. निवाडा आधीच सांगते : जवारीचे, म्हणजे तारांचा आवाज खुलवण्याचे, काम अव्वल, लाकूडकाम चोख, वेळेचा शब्द कच्चा, आणि पॉलिश करण्यापूर्वी गिऱ्हाइकाला विचारण्याची पद्धत अजिबात नाही.

तंबोरा मिरजेचाच आहे. आत्या सांगलीत मुलींच्या शाळेत शिकवत असे आणि संध्याकाळी गाणे शिकत असे. १९६१ साली तिने पगारातून पैसे साठवून तो घेतला आणि टांग्यात मांडीवर आडवा धरून सांगलीला आणला. पुढे जवळजवळ साठ वर्षे तो आमच्या गावभागातल्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात, खादीच्या गवसणीत होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले (धोक्याची पातळी ४५ फूट आहे), तेव्हा घर सोडण्यापूर्वी भावाने त्याला माळ्यावर चढवले. पाणी माळ्यापर्यंत पोहोचले नाही, परंतु ओसरल्यावर भिंती महिनोन्‌महिने ओल्या राहिल्या आणि ती ओल तंबोऱ्याला बाधली. दोन वर्षांनी पुन्हा पूर आला. त्यानंतर आत्या गेली, आणि माळ्यावर चढण्याचे कुणाला कारण उरले नाही. खाली उतरवला तेव्हा भोपळा आणि गळा यांचा सांधा सुटून नख जाईल एवढी फट पडली होती, भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी तबलीला केसासारखी चीर गेली होती, दोन खुंट्या फुगून जागच्या जागी बसल्या होत्या, पोलादी तारा गंजल्या होत्या आणि खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या, पितळी तारेवर हिरवे चढले होते.

सांगलीहून मिरज दहा किलोमीटर आहे. सिटी बसमध्ये तंबोरा नेण्याचे धाडस झाले नाही, म्हणून रिक्षा केली. गोधडीत गुंडाळलेली ती लांबलचक वस्तू माझ्या मांडीवर आडवी पाहून वानलेसवाडीच्या पुढे रिक्षावाल्याने सवयीने विचारले, “कुठल्या दवाखान्यात घेऊ?” मिरजेला निघालेला माणूस दवाखान्यातच जाणार, ही समजूत डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशनचे इस्पितळ सुरू केले तेव्हापासून घट्ट होत आलेली असावी, कारण आजही कोल्हापूरपासून विजापूरपर्यंतचे रुग्ण या गावाची वाट धरतात. मी सतारमेकर गल्ली सांगितली. “मग त्योबी दवाखानाच की ओ,” असे म्हणून त्याने रिक्षा वळवली.

दुकानाचा दर्शनी भाग जेमतेम दहा बाय बारा फुटांचा आहे आणि त्यातली निम्मी जागा भोपळ्यांनी अडवलेली आहे. आढ्याला दोरीने टांगलेले, फळीवर उपडे घातलेले, कोपऱ्यात एकात एक बसवलेले हे भोपळे कडू जातीचे असतात आणि पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठच्या रानांतून येतात. वाळून खडखडीत झालेला भोपळा कापायचा, पाण्यात भिजत घालून मऊ करायचा, आत काटक्यांचा ताण देऊन त्याचे तोंड हव्या त्या घेराचे करायचे आणि पुन्हा वाळवायचा, अशी त्याची रीत आहे. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. मागच्या खोलीत तीन माणसे काम करत होती, सरसाचा आणि स्पिरिटचा मिसळलेला वास येत होता, आणि एक मुलगा मांडीवर दांडी घेऊन तिच्यावर पांढऱ्या पट्टीची नक्षी बसवत होता. मी उभी आहे हे त्याने पाहिले, मान हलवली आणि पुन्हा कामात डोके घातले. गिऱ्हाइकाचे स्वागत म्हणून इतकेच मिळते. मला ते पुरेसे वाटले.

मुख्य कारागीर साठीच्या पुढचे आहेत. गल्लीत त्यांना सगळे चाचा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणाले. त्यांनी गोधडी सोडली, तंबोरा मांडीवर घेतला आणि प्रथम तारांकडे किंवा फटीकडे न पाहता भोपळ्यावर मधल्या बोटाच्या पेराने टकटक करत, कान जवळ नेऊन, सगळा घेर एकदा फिरून घेतला. डाव्या बाजूला एका जागी तो टकटकीचा आवाज जरा चपटा झाला, हे मलाही ऐकू आले. तेथे त्यांनी खडूने फुली मारली. बाहेरून त्या जागी काहीच दिसत नव्हते. आतून भोपळा सुटायला लागला होता. मग त्यांनी खुंट्यांच्या खालची बाजू पाहिली आणि विचारले, “ताई, ह्यो वाजवत हुता का नुसता पूजेला हुता? खंडेनवमीचं हळदकुंकू बसलंय बघा इथं.” दोन्ही, असे मी सांगितले. आत्याचे गाणे सुटल्यावरची पंधरा-वीस वर्षे तो खरोखर नुसता पूजेलाच होता.

मला एक प्रश्न विचारायचा मोह आवरला नाही. तबलीच्या कडेला पानांची वेल कोरलेली आहे. तिच्यावरून हा तंबोरा कुणाच्या हातचा आहे हे ओळखता येईल का, कदाचित तुमच्याच घरातल्या कुणाच्या? चाचा हसले. “आमच्या आज्ज्यानं केलाय म्हणून सांगितलं तर तुमाला बरं वाटंल. पन त्या टायमाला गल्लीत सगळेच हीच पानं काढायचे.” या उत्तरानंतर माझा त्यांच्यावर जो विश्वास बसला तो पुढच्या सगळ्या दिरंगाईतही टिकला.

या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे आणि ती घडवणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांच्या फौजांचे दिवस सरले, तलवारी म्यानातच राहू लागल्या आणि हातातले काम आटले, तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू यांनी तंतुवाद्यांची दुरुस्ती आणि मग घडण हाती घेतली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी गवयांना आश्रय दिल्यामुळे वाद्ये दारातच येत होती आणि ती वाजवणारे कानाचे पक्के होते. अशा गिऱ्हाइकासमोर हलके काम खपण्यासारखे नव्हते. शिकलगारांचे सतारमेकर झाले ते असे. दोन्ही कामांत कानस तीच, हे मात्र मला शेवटच्या खेपेपर्यंत लक्षात आले नव्हते.

येथे सांगलीकर म्हणून थोडे विषयांतर करते. आमची सांगली ही मिरजेतून फुटलेली वाटणी आहे. मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन आणि त्यांचे पुतणे चिंतामणराव आप्पासाहेब यांचे जमले नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर चिंतामणरावांनी कृष्णाकाठच्या एका लहान गावात आपली राजधानी केली. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, आणि त्या जोरावर आम्ही स्वतःला नाट्यपंढरी म्हणवतो, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो, पुरस्कार देतो, पुतळे उभारतो. मिरजेला हे मिरवणे जमलेले नाही. नाटकाला थिएटर लागते आणि थिएटरला पाटी लागते. गाणे मात्र सतरंजीवर होते, आणि मैफल उठली की सतरंजी गुंडाळून ठेवतात. मिरजेत गाण्याचा इतिहास पाहायचा म्हणून कुणी गेले तर त्याला फारसे काही दिसणार नाही. मोडलेले काही तरी घेऊन गेले तर दिसते.

चाचांनी ‘पंधरा दिवस’ असे सांगितले आणि दोन हजार रुपये आगाऊ घेतले. पावती नाही. एका चिठ्ठीवर माझे नाव आणि फोन नंबर लिहून ती चिठ्ठी त्यांनी खुंट्यांमध्ये तारेने अडकवली, तीच पावती.

अठराव्या दिवशी मी फोन केला, तो उचलला गेला नाही. विसाव्या दिवशी गेले, तर तंबोरा चिठ्ठीसह जिथे ठेवला होता तिथेच होता आणि चाचा लग्नासाठी गावाला गेले होते. मुलाने चहा मागवला, माफी मागितली नाही. या व्यवहारातली सर्वांत वाईट गोष्ट उशीर ही नव्हती. उशीर होणार हे त्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक होते आणि तरी त्यांनी पंधरा दिवस म्हटले, ही होती. मागच्या खोलीत माझ्या आधीची निदान नऊ वाद्ये रांगेत होती. ‘दोन महिने लागतील’ असे सांगितले असते तर मी आनंदाने थांबले असते.

परत फिरण्यापूर्वी मी रागातच दर्ग्याकडे चालत गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. उत्तरेकडच्या कैराना गावाहून आलेला हा गायक मिरजेत स्थायिक झाला, आणि १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिणेच्या दौऱ्यात, पाँडिचेरीकडे जाताना, वाटेतल्या सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्थानकावर त्यांना मृत्यूने गाठले. प्रकृती बिघडल्यावर ते गाडीतून उतरले, फलाटावर अंथरूण घालायला लावले, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी रागाच्या सुरांत प्रार्थना केली, असे सांगितले जाते. त्यांचा देह मिरजेला आणला गेला. वाद्यांच्या दुरुस्तीतही त्यांना गती होती आणि तंबोरा मनासारखा जुळल्याशिवाय ते गात नसत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश सनदी अधिकारी क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांची, मोजदाद करण्याचे जे प्रयोग केले, त्यांत श्रुती गाऊन दाखवण्यासाठी खाँसाहेबच होते. एक सांगलीकर, एक इंग्रज आणि एक मिरजकर असे तिघे मिळून स्वरांचे अंतर मोजत होते, हे चित्र मला फार आवडते. दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. त्याच उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, हा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मी गेले तो साधा मंगळवार होता; कबरीपाशी एक म्हातारी गुडघे दाबत बसली होती आणि फुलांच्या दुकानातला पोरगा मोबाइलवर काही तरी पाहत होता.

तेथून स्टँडकडे येताना मनात नावे येत राहिली. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने डोळे अधू झाल्यावर मिरजेला आणला गेला, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकला, १८९६ मध्ये येथून बाहेर पडला आणि १९०१ मध्ये लाहोरला त्याने गांधर्व महाविद्यालय काढले. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. हिराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेचा, विनायकराव पटवर्धनांचाही. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये शकुंतलेच्या वेषात पहिले पाऊल टाकले तेही मिरजेच्याच रंगमंचावर, आणि ही गोष्ट आम्ही नाट्यपंढरीचे लोक सहसा हळू आवाजात सांगतो.

तिसऱ्या खेपेला लाकूडकाम झालेले होते. सांधा इतका बेमालूम बसला होता की त्यावरून मी नख फिरवून पाहिले तरी ते कुठे अडले नाही. तबलीची चीर सरस आणि लाकडाचा भुसा यांनी बुजवली होती, खडूच्या फुलीच्या जागी भोपळ्याला आतून कापडाची पट्टी चिकटवून आधार दिला होता, फुगलेल्या खुंट्या तासून पुन्हा बसवल्या होत्या आणि त्या आता दोन बोटांनी फिरत होत्या. या कामात मला दोष काढता येत नाही.

परंतु तंबोरा चमकत होता. आत्याच्या हाताने साठ वर्षांत मधासारखा झालेला तो रंग गेला होता आणि त्याच्या जागी नव्या लाखेच्या पॉलिशचा लालभडक झळझळीत रंग आला होता. रंगाचे मी एक वेळ सोसले असते. तबलीवर, तारा जिच्यावरून जातात त्या घोडीच्या खाली, आत्याने पेन्सिलीने चार बारीक रेघा मारल्या होत्या. तंबोरा जुळला म्हणजे कोणत्या तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवण्याचा मणी कुठवर यायला हवा याच्या त्या खुणा. दांडीच्या मागे, वरच्या खुंटीखाली, तिच्या ठसठशीत शाळामास्तरणीच्या अक्षरात ‘काळी ४’, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सूर, असे लिहिलेले होते. ते सगळे पॉलिशपेपरने घासून काढलेले होते. मी मुलाला विचारले. “घाण हुती ती काढली की, ताई,” तो म्हणाला, आणि त्याच्या बाजूने ते अगदी खरे होते.

चाचांनी तबलीवरून एकदा हात फिरवला, मग म्हणाले, “लिवल्यालं असलं तर आदी सांगायचं.” चूक निम्मी माझी आहे हे मी मान्य करते. मात्र निम्मी त्यांचीही आहे. जुनी वाद्ये ज्यांच्याकडे रोज येतात त्या माणसांना, जुन्या वाद्यावर माणसांच्या खुणा असतात, हे गिऱ्हाइकापेक्षा अधिक ठाऊक असायला हवे. ‘पॉलिश करायचे का, किती करायचे, कुठे करायचे नाही’ हे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यायला एक मिनिट लागले असते. मिरजेची ओळख ज्या गोष्टींवर उभी आहे त्यांतला बराच भाग अशाच पेन्सिलीच्या रेघांचा आहे, आणि तो मिरजेतच पुसला जावा याचे मला वाईट वाटले. त्या दिवशी मी तंबोरा न घेताच परतले; जवारी व्हायची होतीच, आणि बोलायची इच्छा उरली नव्हती.

चौथी खेप जानेवारीच्या अखेरीस झाली, आणि ती एक सकाळ पाहिली नसती तर हा मजकूर मी कदाचित वेगळ्या सुरात लिहिला असता.

तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या घोडीवरून जातात. पूर्वी या घोडीला हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरत. आता त्यांना कायद्याने बंदी आहे, म्हणून हाड किंवा प्लॅस्टिक वापरतात. घोडीची पाठ सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला इतका सूक्ष्म उतार असतो की तार कंप पावताना त्या पाठीला जाता-येता हलकेच स्पर्श करत राहते, आणि त्या स्पर्शातून तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो. या उताराला आणि त्यातून निघणाऱ्या आवाजाला, दोहोंनाही जवारी म्हणतात. वर्षानुवर्षे तार एकाच जागी घासून घोडीवर चर पडतात, स्पर्श बिघडतो आणि आवाज बसतो. मग घोडी पुन्हा घासावी लागते. उतार कमी-जास्त झाला की आवाज खुला होतो किंवा बंद होतो, आणि किती खुला हवा हे गाणाऱ्याच्या गळ्यावर अवलंबून असते.

“कुठल्या पट्टीत गाता?” चाचांनी विचारले. मी म्हणाले, “काळी चार.” “गा बघू.” वीस वर्षांनी, एका परक्या दुकानात, तीन कारागिरांसमोर मी षड्ज लावला. चाचांनी डोळे मिटून ऐकले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, “आता काळी तीन धरा, ताई. चार आत्यांची हुती.” त्यांनी तारा एक नंबर जाड घातल्या, आणि माझ्या लक्षात आले की पुसलेल्या त्या खुणा राहिल्या असत्या तरी माझ्या कामाच्या नव्हत्या. यामुळे त्या पुसल्याचे दुःख कमी झाले असे नाही.

मग चाळीस-पंचेचाळीस मिनिटे एकच क्रम चालला. तार सैल करून बाजूला सारायची, घोडीवर कानस तीन-चार वेळा फिरवायची, भुकटी फुंकायची, तार जागेवर आणून चढवायची, छेडायची, ऐकायचे, पुन्हा सैल करायची. कानस फिरताना चाचा घोडीकडे पाहत नव्हते, दाराबाहेर पाहत होते. मध्येच ते अंगठा घोडीवरून अगदी हलका, आडवा ओढत. पात्याची धार अजमावतात तो हाच अंगठा, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. दीडशे वर्षांपूर्वी यांच्या घरातला कुणी तरी तलवारीवरून हा अंगठा असाच ओढत असणार, आणि हत्यार गेले तरी अंगठा कामाला राहिला.

शेवटी सूत. तार आणि घोडी यांच्या मध्ये सुती दोऱ्याचा लहानसा तुकडा सरकवतात, त्याला सूत म्हणतात. खर्जाच्या तारेखाली सूत घालून चाचांनी एका हाताने तार छेडत दुसऱ्या हाताच्या नखाने ते पुढे ढकलायला सुरुवात केली. आवाज आधी बोदा होता, मग जरासा किनरा झाला, मग नख केसभर पुढे गेले आणि तार एकदम उघडली. खर्जाच्या पोटातून गंधार ऐकू येऊ लागला. चार तारांपैकी एकही गंधारात लावलेली नसते. तो स्वर खर्जाच्या तारेतूनच, तिच्या मूळ कंपनांच्या पाचपट कंपनांचा होऊन, आपोआप उमटतो, आणि जवारी बिघडलेली असेल तर तो लपून राहतो. म्हणूनच त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आत्या मला लहानपणी सांगायची, “ऐक, आत कुणी तरी ग म्हणतंय,” आणि मला तो कधीच ऐकू येत नसे. ऐकू येतो असे मी तिला खोटे सांगत असे. या सकाळी तो आला. मागच्या खोलीतल्या मुलानेही कानस थांबवून मान वर केली.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गल्लीत त्याचे कौतुक आहे, पण बेताचे. चाचांच्या म्हणण्याप्रमाणे नव्या वाद्यांना मागणी आहे, परदेशातूनही आहे. अडचण आहे ती हाताखाली बसून दहा वर्षे शिकणाऱ्या पोरांची, आणि तंबोऱ्यापुरते बोलायचे तर मोबाइलची. विद्यार्थी आता मोबाइलवरचा तंबोरा लावून बसतात. तो कधी उतरत नाही, त्याला सूत लागत नाही, त्याला गवसणीही लागत नाही. मी स्वतः सहा महिने तसाच रियाझ करून पाहिला होता आणि त्या सोयीची निंदा मी करणार नाही. मात्र तो जुळवावा लागत नाही, आणि जुळवण्याच्या त्या दहा मिनिटांतच कान तयार होतो, असे आत्याच्या पिढीतले सगळे म्हणत. आता रोज खुंट्या पिळताना मला ते पटत चालले आहे.

हिशेब असा झाला : सांधा, चीर आणि भोपळा मिळून साडेतीन हजार, खुंट्यांचे आठशे, नव्या तारांचे चारशे, जवारीचे बाराशे, आणि न मागितलेल्या पॉलिशचे बाराशे. पॉलिशचे पैसे चाचांनी आपणहून वजा केले, मला सांगावे लागले नाही. मग आगाऊचे दोन हजार कापून उरलेले मी रोख दिले. एकूण खर्च पाच हजार नऊशे. नवा तंबोरा याच्या कितीतरी पट पडला असता. घरी आणल्यावर आठवड्याभरात पहिली तार थोडी जास्त खुली वाटू लागली. फोन केला, या वेळी तो उचलला गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा सांगलीला आला होता तो घरी येऊन वीस मिनिटांत ती बसवून गेला. त्याने पैसे घेतले नाहीत, पोह्यांची एक बशी घेतली.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडेसे. सकाळी अकराच्या आधी जावे. शुक्रवारी दुपारी जाऊ नये. सांगितलेल्या मुदतीला मनातल्या मनात चाराने गुणावे, आणि एखाद्या कार्यक्रमासाठी वाद्य हवे असेल तर तारीख स्पष्ट सांगावी, कारण कार्यक्रमाचे वाद्य ते रांग मोडून आधी करतात, हे मला उशिरा कळले. जवारीच्या वेळी स्वतः हजर राहावे आणि गाऊन दाखवावे. फोटो काढून ठेवावेत, विशेषतः जुन्या वाद्याचे, सर्व बाजूंनी. माझ्याकडे आत्याच्या अक्षराचा एकही फोटो नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास, घोडी एकदा पुन्हा पाहून घ्या, असे चाचांनी सांगितले आहे. त्या खेपेसाठी मी दांडीच्या मागे, वरच्या खुंटीखाली, कागदाची एक पट्टी डकवली आहे आणि तिच्यावर शाईने लिहिले आहे : ‘काळी ३. पॉलिश करू नये.’